विश्लेषण : अण्णा भाऊंची पुस्तके २०३० मध्ये खुली होणार की २०४० मध्ये? व्यापार करारांचा कॉपीराइटशी काय संबंध?

मोटारी, मद्य, कापड आणि दुग्धजन्य पदार्थ यांच्या आयात शुल्कावर घासाघीस होते, तेव्हा त्याच टेबलावर पुस्तके, गाणी आणि चित्रपट यांच्या मालकीचाही सौदा होत असतो. त्याची बातमी क्वचितच होते. कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांना या सौद्याची किंमत मोजावी लागली आहे. भारत एकामागून एक व्यापार करार करत असताना हा विषय समजून घेणे गरजेचे आहे.

आचार्य अत्रे यांचे निधन १३ जून १९६९ रोजी झाले, अण्णा भाऊ साठे यांचे त्याच वर्षी १८ जुलैला. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा स्वामित्व हक्क, म्हणजेच कॉपीराइट, मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे टिकतो. म्हणजे या दोघांचे साहित्य १ जानेवारी २०३० रोजी सर्वांसाठी खुले होईल. त्यानंतर कुणीही ‘फकिरा’ची स्वस्त आवृत्ती काढू शकेल, ऑडिओबुक करू शकेल, अभ्यासक्रमात पूर्ण पाठ घेऊ शकेल किंवा भाषांतर करू शकेल. परवानगी नको, मानधन नको. हीच मुदत ७० वर्षांची झाली तर ती तारीख १ जानेवारी २०४० होते. आज भारतीय कायद्यात मुदत ६० वर्षेच आहे. पण जगातील बहुतेक बडे व्यापारी भागीदार ७० वर्षांवर गेले आहेत आणि इतरांनाही तिकडे ओढत आहेत. ही ओढ कायदेमंडळांतील चर्चेतून कमी आणि व्यापार करारांतून जास्त येते.

खुले होण्याने फरक काय पडतो?

साने गुरुजींचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्यांचे निधन ११ जून १९५० चे, त्यामुळे त्यांची पुस्तके १ जानेवारी २०११ पासून खुली झाली. आज ‘श्यामची आई’ अनेक प्रकाशकांकडून, वेगवेगळ्या किमतींत मिळते. मोबाइलवर फुकट वाचता येते आणि शाळेच्या बक्षीस समारंभात प्रत्येक मुलाच्या हाती देणे परवडते. या कादंबरीवर अत्रे यांनी काढलेला चित्रपट १९५३ चा. चित्रपटाची मुदत प्रदर्शनापासून ६० वर्षे मोजतात, म्हणून तो हक्क २०१३ अखेर संपला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून याच रांगेत आले.

लोकप्रिय लेखकांचे एक वेळ ठीक आहे. त्यांची पुस्तके हक्क असतानाही छापली जातात. खरा तोटा होतो तो विस्मृतीत गेलेल्या लेखकांचा. १९४० च्या दशकातील एखादा कथासंग्रह, ज्याचा प्रकाशक बंद पडला आहे आणि वारस कुठे आहेत ते ठाऊक नाही, त्याचे पुनर्मुद्रण करायला कुणी धजावत नाही. परवानगी मागायची तर मागायची कुणाकडे? जुनी ग्रंथालये आपली पुस्तके स्कॅन करून आंतरजालावर ठेवताना नेमकी इथेच अडतात. मुदत दहा वर्षांनी वाढली की अशा पुस्तकांना आणखी दहा वर्षे वाळवी लागते.

आंतरराष्ट्रीय नियम काय सांगतो?

१८८६ च्या बर्न करारातून स्वामित्व हक्काची आंतरराष्ट्रीय चौकट उभी राहिली. पुढे या करारात लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे ही मुदत ठरली. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्या ‘ट्रिप्स’ कराराने हीच किमान मुदत सर्व सदस्य देशांवर बंधनकारक केली. इथेच पहिल्यांदा कॉपीराइट व्यापाराच्या दावणीला बांधला गेला. आधी नियम मोडला तर निषेध खलिता यायचा. आता व्यापारी निर्बंध लादले जाऊ शकतात.

५० वर्षे हा तळ होता, छत नव्हते. युरोपीय समुदायाने १९९३ मध्ये सर्व सदस्य देशांसाठी ७० वर्षांची मुदत ठरवली. अमेरिकेने १९९८ मध्ये २० वर्षांची भर घातली. त्या कायद्याला डिस्नेच्या मिकी माऊसचे नाव चिकटले, कारण वाढ झाली नसती तर मिकीचा पहिला प्रदर्शित बोलपट ‘स्टीमबोट विली’ लवकरच खुला होणार होता. अखेर तो १ जानेवारी २०२४ रोजी झाला.

अमेरिकेतील ही वाढ सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा १७ अर्थशास्त्रज्ञांनी न्यायालयापुढे निवेदन दिले. त्यात मिल्टन फ्रीडमन, केनेथ अॅरो, रोनाल्ड कोस यांच्यासह पाच नोबेल विजेते होते. एरवी या मंडळींचे एकमेकांशी पटणे अवघड. त्यांचे म्हणणे साधे होते. मृत्यूनंतर ५० ते ७० वर्षांनी मिळणाऱ्या पैशाचे आजचे मूल्य इतके कमी भरते, की या वाढीमुळे नव्या लेखकाचा मोबदला एक टक्क्यानेही वाढत नाही. आणि ज्यांनी आधीच लिहून ठेवले आहे, त्यांना मृत्यूनंतर आणखी लिहायला प्रोत्साहन देण्याचा प्रश्नच येत नाही. २००३ मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कायदा टिकवला. मुदत किती असावी हे काँग्रेसने ठरवायचे, असे बहुमताचे मत पडले. अमेरिकेत निदान तो निर्णय लोकप्रतिनिधींनी उघडपणे घेतला होता. पुढे ज्या देशांनी तो उचलला, त्यांच्या बाबतीत तेवढेही म्हणता येत नाही.

कॅनडा आणि जपानमध्ये काय घडले?

ट्रान्स पॅसिफिक भागीदारी, म्हणजे टीपीपी, हा प्रशांत महासागराभोवतीच्या १२ देशांचा करार फेब्रुवारी २०१६ मध्ये झाला. अमेरिकेच्या आग्रहामुळे त्यात ७० वर्षांची अट होती. जानेवारी २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सत्तेवर येताच अमेरिका त्यातून बाहेर काढली. उरलेल्या ११ देशांनी करार वाचवला, मात्र अमेरिकेसाठी गिळलेल्या २२ तरतुदी स्थगित केल्या. ७० वर्षांची अट त्यांपैकीच एक. इथवर वाचून वाटेल, सुटलो.

पण जपानने आपला कायदा आधीच या कराराशी जोडून बदलून ठेवला होता. शिवाय युरोपीय संघाशी त्याचा स्वतंत्र करार होऊ घातला होता आणि त्यातही ७० वर्षे होतीच. ११ देशांचा करार ३० डिसेंबर २०१८ रोजी लागू झाला आणि त्याच दिवशी जपानची मुदत ५० वरून ७० झाली. ही तारीख लक्षात घ्या. आणखी दोन दिवस गेले असते तर १९६८ मध्ये निधन झालेल्यांचे काम खुले झाले असते. चित्रकार त्सुगुहारू फुजिता त्यांपैकी एक. आता त्यांच्यासाठी १ जानेवारी २०३९ उजाडावे लागेल. युकिओ मिशिमा २०४१ मध्ये, यासुनारी कावाबाता २०४३ मध्ये. ‘आओझोरा बुन्को’ हे जपानी स्वयंसेवकांनी १९९७ पासून जोपासलेले ऑनलाइन ग्रंथालय दरवर्षी १ जानेवारीला नव्याने खुल्या झालेल्या लेखकांची पुस्तके वाचकांपुढे ठेवत असे. पुढील २० वर्षे त्या यादीत नवे नाव येणार नाही.

कॅनडाची गोष्ट आणखी बोलकी आहे. २२ स्थगित तरतुदींतून ७० वर्षांची अट काढल्यावर त्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्याच कॅनडाने अमेरिका आणि मेक्सिकोबरोबरच्या नव्या करारात तीच अट मान्य केली. ट्रम्प यांनी जुना ‘नाफ्टा’ मोडण्याची धमकी दिली होती. मोटार उद्योग, पोलाद, दूध उत्पादक यांचे भवितव्य टांगणीला लागले होते. अशा वेळी मेलेल्या लेखकांसाठी कोण भांडणार? कॅनडाला तयारीसाठी अडीच वर्षे मिळाली आणि बदल झाला तो २०२२ च्या अर्थसंकल्पाच्या अंमलबजावणीच्या भल्यामोठ्या विधेयकातून. तोही ३० डिसेंबर २०२२ रोजी लागू झाला. पुन्हा नववर्षाच्या दोन दिवस आधी! १९७२ मध्ये निधन झालेल्या लेखकांपासून पुढचे सारे दार बंद झाले, ते १ जानेवारी २०४३ पर्यंत.

ऑस्ट्रेलियाला हा अनुभव सर्वांत आधी आला. अमेरिकेशी केलेल्या करारामुळे २००५ पासून तिथे ७० वर्षांची मुदत आहे. १९५५ मध्ये मरण पावलेल्या लेखकांसाठी ही वाट १ जानेवारी २०२६ रोजी संपली. थॉमस मान आणि अल्बर्ट आइनस्टाइन त्यांपैकी. ऑस्ट्रेलियाच्याच उत्पादकता आयोगाने २०१६ मध्ये सरकारला सांगितले होते, की मुदत गरजेपेक्षा खूप जास्त आहे. आयोगाच्या मते निर्मितीनंतर १५ ते २५ वर्षे ही मुदत समाजासाठी अधिक योग्य ठरली असती. अहवाल चांगला होता, पण करारावर सही आधीच झाली होती.

एकदा मान्य केले की मागे का येता येत नाही?

आयात शुल्क कमी केले तर ते पुढे वाढवता येते. स्वामित्व हक्काचे तसे नाही. एकदा मुदत वाढवली की हक्कधारकाच्या दृष्टीने ती मालमत्ता होते आणि ती कमी करणे म्हणजे मालमत्ता काढून घेणे, असा दावा उभा राहतो. अमेरिका टीपीपीतून गेली तरी जपानची ७० वर्षे टळली नाहीत.

दुसरे कारण तांत्रिक आहे, पण भारतासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे. दोन देश आपापसात आयात शुल्क घटवतात तेव्हा ती सवलत तिसऱ्याला द्यावी लागत नाही. मुक्त व्यापार करारांसाठी तसा अपवाद आहे. बौद्धिक संपदेच्या ‘ट्रिप्स’ करारात असा सरसकट अपवाद नाही. त्याच्या चौथ्या कलमानुसार एका देशाच्या नागरिकांना दिलेला लाभ साधारणपणे सर्व सदस्य देशांच्या नागरिकांना द्यावा लागतो. म्हणजे ब्रिटनच्या मद्यावरील शुल्क कमी केले तर फायदा ब्रिटनच्या मद्यालाच. पण स्वामित्व हक्काबाबत ब्रिटनला शब्द दिला तर तो अमेरिका, जपान, स्वित्झर्लंड साऱ्यांना दिल्यासारखा असतो. वाटाघाटीत बदल्यात काही मिळते, ते मात्र एकाकडूनच. हा हिशेब चमत्कारिक आहे आणि शुल्काच्या आकडेमोडीत तो दिसत नाही.

फायदा कुणाचा आणि किंमत कोण देतो?

न्यूझीलंड सरकारने टीपीपीच्या वेळी प्रामाणिकपणे आकडा मांडला होता. मुदत ५० वरून ७० वर गेली तर दीर्घकाळात देशाला सरासरी वर्षाला साडेपाच कोटी न्यूझीलंड डॉलरचा खर्च येईल. कारण उघड आहे. जो देश पुस्तके, गाणी, चित्रपट निर्यातीपेक्षा जास्त आयात करतो, त्याचा पैसा बाहेर जातो. टीपीपी बारगळल्यावर न्यूझीलंडला वाटले असेल की हा खर्च वाचला. पण पुढे ब्रिटन आणि युरोपीय संघ या दोघांशी झालेल्या करारांत ७० वर्षे मान्य करावी लागली. ब्रिटनने १५ वर्षांची उसंत दिली होती. युरोपीय संघाने दिली फक्त चार वर्षांची. तो करार १ मे २०२४ रोजी लागू झाल्याने २०२८ पर्यंत कायदा बदलावा लागेल.

लेखकांच्या वारसांना लाभ होतोच, हे नाकारण्यात अर्थ नाही. मराठीत पुस्तकांच्या मानधनावर घर चाललेल्या लेखकांची संख्या तुटपुंजी. त्यांच्या पश्चात मुलाबाळांना चार पैसे मिळाले तर कुणाचा आक्षेप असायचे कारण नाही. पण ६० वर्षांनंतरचे वारस म्हणजे बहुधा नातवंडे-पतवंडे. आणि हक्क अनेकदा तोवर कंपनीकडे गेलेला असतो. लेखकाच्या हिताचे रक्षण मुदत वाढवून फारसे होत नाही, ते करारातील अटींतून होते. भारतीय कायद्यात हक्क हस्तांतराचा कालावधी लिहिलेला नसेल तर तो पाच वर्षांचाच धरतात. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना त्यांच्या गाण्यांच्या मानधनातील वाटा सोडून देण्यास भाग पाडता येणार नाही, अशी सोय केली. जिवंत कलावंताला याचा उपयोग कितीतरी अधिक आहे.

केवळ मुदतीचाच प्रश्न आहे का?

नाही. कोणत्या वापराला परवानगी लागत नाही, हा प्रश्न मुदतीइतकाच मोठा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस हे प्रकाशक न्यायालयात गेले होते. विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतील प्रकरणांच्या प्रती काढून संच विकले जात होते. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीचा असा वापर कायद्यातील अपवादात बसतो, असे म्हटले. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. पाठ्यपुस्तकाची मूळ प्रत हजारो रुपयांना असते, तिथे या निकालाचा अर्थ काय, हे वसतिगृहात राहणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारावे. हा अपवाद आपल्या संसदेने १९५७ च्या कायद्यात ठेवला म्हणून निकाल असा लागला.

असे अपवाद वाढवू पाहणाऱ्या देशाचे काय होते, ते दक्षिण आफ्रिकेने अनुभवले. तेथील संसदेने २०१९ मध्ये शिक्षण, ग्रंथालये आणि दृष्टिहीन यांच्यासाठी व्यापक सवलती देणारे विधेयक मंजूर केले. अमेरिकी उद्योग संघटनेच्या तक्रारीवरून अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या निर्यातीला मिळणाऱ्या शुल्क सवलतींचा फेरविचार सुरू केला. जून २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिल रामफोसा यांनी विधेयक घटनात्मक आक्षेप नोंदवून संसदेकडे परत पाठवले. व्यापारी दबावाचा त्यात वाटा किती, यावर तिथे बराच वाद झाला. तोवर दृष्टिहीनांना एखादे पुस्तक ब्रेलमध्ये आणायचे तर हक्कधारकाची परवानगी लागतच होती. अखेर २०२२ मध्ये तेथील घटनापीठाने ही स्थिती घटनाबाह्य ठरवून अंतरिम सवलत दिली.

दृष्टिहीनांसाठी भारताने मात्र वेगळी वाट धरली. २०१२ मध्ये कायद्यात सवलत आली. २०१३ मध्ये मराकेश येथे या विषयावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. तो करार व्यापाराच्या नव्हे, तर जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या व्यासपीठावर झाला. तिथे दृष्टिहीनांच्या संघटना खोलीत हजर होत्या, हा योगायोग नाही.

भारताची बाजू कितपत भक्कम आहे?

भारताची ६० वर्षे ही ‘ट्रिप्स’च्या किमान अटीपेक्षा दहाने जास्तच आहेत आणि ती आपण कुणाच्या दबावाखाली केलेली नाहीत. रवींद्रनाथ टागोर यांचे साहित्य १९९१ अखेर खुले होणार होते. विश्वभारती विद्यापीठाकडे त्याचे हक्क होते. वर्ष संपायला काही दिवस असताना वटहुकूम निघाला, १९९२ मध्ये कायदा झाला आणि ५० चे ६० झाले. एका संस्थेसाठी साऱ्या देशाचे साहित्य दहा वर्षे कुलुपात गेले. याउलट गांधीजींच्या लेखनाचे हक्क सांभाळणाऱ्या नवजीवन ट्रस्टने मुदतवाढ मागितली नाही आणि ते १ जानेवारी २००९ रोजी खुले झाले.

अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी कार्यालय दरवर्षी बौद्धिक संपदेविषयी ‘स्पेशल ३०१’ अहवाल काढते. भारत त्यातील विशेष निगराणी यादीत वर्षानुवर्षे आहे. युरोपीय संघाशी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या वाटाघाटींत बौद्धिक संपदेचे स्वतंत्र प्रकरण होतेच. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या करारातही ते आहे. दरम्यान कृत्रिम बुद्धिमत्तेचा नवा वाद दारात आला आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने ‘ओपनएआय’विरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. यंत्राला शिकवण्यासाठी बातम्या वापरता येतात का, हा त्यातील प्रश्न आहे. जपानने २०१८ मध्येच कायदा बदलून अशा वापराला बरीच मोकळीक दिली. भारताने काय करावे हे ठरायचे आहे. ते ठरण्याआधी एखाद्या करारात हात बांधून घेतले तर संसदेला नंतर फारसा वाव राहणार नाही.

संसदेला विचारले जाते का?

आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. त्याला संसदेची पूर्वसंमती लागत नाही. देशातील कायदा बदलायचा असेल तरच विषय संसदेत जातो आणि तोवर भारताने शब्द दिलेला असतो. अमेरिकेत व्यापार कराराच्या अंमलबजावणीसाठी काँग्रेसला मतदान करावे लागते. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार करार मान्यतेपूर्वी २१ कामकाजी दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो.

लोकांना आधी कळले तर काय होते, याचे एक उदाहरण युरोपात आहे. बनावट वस्तू आणि कॉपीराइट भंग यांविरुद्धचा ‘अॅक्टा’ करार गुप्तपणे ठरत होता. त्यातील तरतुदी फुटल्या, फेब्रुवारी २०१२ मध्ये कडाक्याच्या थंडीत अनेक युरोपीय शहरांत तरुण रस्त्यावर उतरले आणि ४ जुलै रोजी युरोपीय संसदेने तो ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. टीपीपीतील बौद्धिक संपदेचे प्रकरणही जगाला प्रथम दिसले ते नोव्हेंबर २०१३ मध्ये, विकिलीक्सने फोडल्यावर. भारत-ब्रिटन कराराच्या वाटाघाटी जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या. त्याचा संपूर्ण मजकूर भारतीय वाचकाला अधिकृतपणे वाचायला मिळाला तो साडेतीन वर्षांनी, दोन्ही देशांच्या वाणिज्यमंत्र्यांच्या सह्या झाल्यावर.